दुसऱ्याच घरी पोहोचलेला निरोप

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक माननीय डॉक्टर कचिंग्वे, जिल्हा आरोग्य कार्यालयातून वाट वाकडी करून आलेल्या आदरणीय श्रीमती गोंद्वे, आमचे गावप्रमुख, व्यासपीठावर शेजारी शेजारी बसलेले रेव्हरंड आणि शेख साहेब, रुग्णालयातले डॉक्टर, सिस्टर्स, लॅबमधली मंडळी, स्वयंपाकघरातल्या आणि सफाईच्या ताया, रुग्णांसोबत आलेले आणि बाहेर चुली सोडून खिडकीशी उभे राहिलेले नातेवाईक, आणि ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत त्या सिस्टर मर्विस मातेवेरे. सर्वांना माझा नमस्कार.

कुणाचं नाव राहिलं असेल तर रागावू नका. आपल्या मलावीत पाहुण्यांची नावं घेता घेता जेवण थंड होतं, आणि आज कोंबडीचा वास मघापासून या हॉलमध्ये येतोय हे माझ्याही नाकाला कळतंय. मी लांबवणार नाही. असं प्रत्येक वक्ता म्हणतो, हेही मला माहीत आहे. मी शाळामास्तर होतो. पुढ्यात माणसं गप्प बसलेली दिसली की मला थांबता येत नाही.

माझं नाव वायसन लिकोम्वा. डोंगराच्या पलीकडच्या अंगाच्या प्राथमिक शाळेचा मी मुख्याध्यापक होतो. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘सल्लागार समिती, गावकऱ्यांचे प्रतिनिधी’ असं छापलंय. ते खरं आहे, पण मी इथे उभा आहे तो एनेलेसीचा नवरा म्हणून. एनेलेसी याच रुग्णालयात, स्त्रियांच्या वॉर्डात, खाट नऊवर वारली.

आता तुम्ही म्हणाल, सिस्टरांच्या निरोपाच्या दिवशी, हार आणून ठेवलेले असताना, हे कशाला काढायचं? मीही तेच म्हणत होतो. मागच्या आठवड्यात समितीने मला बोलायला सांगितलं तेव्हा मी सिस्टरांकडे गेलो. म्हटलं, मी आपलं चांगलं चांगलं बोलतो, सेवा, त्याग, मेणबत्ती वगैरे. सिस्टर औषधांचं कपाट लावत होत्या. मागे वळूनही न बघता म्हणाल्या, “सर, बोलणार असाल तर एनेलेसीबद्दल बोला. नाहीतर मी व्यासपीठावर बसणार नाही. वॉर्डात बसेन.” त्या बसल्या असत्या, हे तुम्हाला माहीत आहे.

तर एनेलेसीबद्दल बोलतो.

एनेलेसी शाळेच्या फाटकाशी गोड पिठाच्या मंदासी तळायची. माझे विद्यार्थी माझ्या तासाला यायचे की तिच्या मंदासींसाठी, हे मी कधी विचारलं नाही, उत्तर माहीत होतं म्हणून. बोलायला तिखट होती. मी घरी काही समजावून सांगायला लागलो की म्हणायची, “तादालाचे बाबा, घंटा झाली, शाळा सुटली.” तादाला आमची मुलगी. रक्तदाब तिला बरीच वर्षं होता. गोळ्या कधी घ्यायची, कधी आरोग्य केंद्रात संपलेल्या असायच्या. त्या वर्षी तिचे पाय सुजले, हातातली कढई सुटायला लागली, तेव्हा मी तिला मिनिबसमध्ये घालून इथे आणलं.

ती इथे चालत आली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर पुष्कळांनी मला सांगितलं की तिला फार उशिरा आणलं. ती चालत आली, खाटेवर बसली आणि चादर उसवलीय म्हणून तक्रार केली.

सकाळी तिचं रक्त घेतलं. तिच्या मूत्रपिंडांनी काम जवळजवळ सोडलेलं होतं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. रक्तात पोटॅशियम नावाचा एक क्षार असतो. तो वाढला तर दुखत नाही, ताप येत नाही. माणूस गप्पा मारतो आणि हृदय थांबतं. पण वेळेवर कळलं तर इंजेक्शन आहे. वॉर्डातल्याच कपाटात होतं ते. हे सगळं मी नंतर शिकलो. म्हातारपणी शिकलेला हा एकच धडा मला तोंडपाठ आहे.

दुपारी भेटायच्या वेळेची घंटा झाली आणि मी आत गेलो. तिने मला बघून काय विचारावं? “शाळेला दांडी मारलीत?” मी म्हटलं, आज सुट्टी घेतलीय. तर म्हणाली, “मग घरी जा. शेंगा अंगणात वाळत टाकून आलेय. शेळ्या फस्त करतील.” मी बसलोच. माझी मेहुणी तिच्यासोबत राहिली होती, ती संध्याकाळची पेज शिजवायला चुलीकडे गेली होती. आम्ही दोघंच होतो, म्हणजे वॉर्डात जितकं दोघंच असता येतं तितकं. शेजारच्या खाटेखालीही एक रुग्ण होती.

नर्सच्या टेबलावर कॉम्प्युटरचा पडदा होता. त्यावर काहीतरी लाल लाल लुकलुकत होतं. आवाज काही नव्हता. मी एनेलेसीला म्हटलंसुद्धा, “बघ, क्रिसमसचे दिवे लावलेत.” ती हसली. म्हणाली, “तुमच्या शाळेत वीज नाही आणि इथे नुसती उधळतायत.”

मित्रहो, त्या लाल ओळींमध्ये एक ओळ तिची होती.

मी ते पाहिलं होतं. तिनेही पाहिलं होतं. तिचं मरण आमच्यासमोर लुकलुकत होतं, आणि आम्ही त्यावर थट्टा केली. अनेक वर्षं झाली, अजून मी कुठल्याही दुकानात लाल दिवा उघडमीट करताना पाहिला की माझे पाय थांबतात. तादाला म्हणते, बाबा, तो फ्रीजचा दिवा आहे. मला माहीत असतं. तरी मी तो पूर्ण वाचायचा प्रयत्न करतो.

घंटा झाली, मी निघालो. घरी पोहोचून शेंगा पोत्यात भरत होतो, तेव्हा मेहुणीचा फोन आला. ती पेज घेऊन परतली तेव्हा एनेलेसी कुशीवर वळलेली होती. मेहुणीला वाटलं, झोपलीय. पेज थंड होईल म्हणून तिने हाक मारली.

रुग्णालयाने मला सांगितलं, हृदय बंद पडलं. मी मान्य केलं. हृदय बंद पडूनच तर माणूस मरतो. त्यात खोटं काय होतं? आम्ही तिला पुरलं, चर्चच्या बायका रात्रभर गायल्या, मी पुन्हा शाळेत जायला लागलो. फाटकाशी दुसरी कुणी मंदासी विकायला बसेना. ती जागा मुलांनी आपणहून मोकळी ठेवली.

इथपर्यंत ही माझी गोष्ट. आता दुसऱ्या एका बाईची.

सरोवराच्या काठावर एक बाई मासे विकतात. त्यांना सगळे अबिती उस्मानी म्हणतात, उस्मानींची लेक. त्या आज इथे आल्या आहेत, तिसऱ्या रांगेत, निळा चितेंजे कमरेला गुंडाळून. अबिती, उठू नका, बसा. तुम्ही केव्हापासून मिनिबसमध्ये बसून आलात ते आम्हाला माहीत आहे.

अबितींनी बाजारातून फोनसाठी नवं सिमकार्ड घेतलं. मासे घेणारी हॉटेलं आता फोनवर सांगतात ना, किती उसिपा हवी, किती चाम्बो. काही दिवसांनी त्या फोनवर मेसेज यायला लागले, इंग्रजीत. अबितींना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांना वाटलं, कंपनीची लॉटरी असेल. पण मेसेज येताना फोन असा काही किंचाळायचा की शेजारणी मासे टाकून बघायच्या. शेवटी त्यांनी तो गावातल्या शाळेच्या बाईंना दाखवला. बाईंनी वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“काय लिहिलंय?” अबितींनी विचारलं.

“लिहिलंय, तातडीचं. स्त्री वॉर्ड, खाट नऊ. पोटॅशियम धोक्याच्या वर. रुग्णाला लगेच पाहा.”

“कोण आहे ही बाई?”

“नाव नाही. नुसती खाट.”

“मग मला का सांगतायत?”

तो नंबर आधी आपल्या इथल्या एका डॉक्टरांचा होता. ते परदेशी निघून गेले. त्यांचा मी राग धरत नाही. माणसं जातात. नंबर बंद झाला, काही महिने पडून राहिला, कंपनीने पुन्हा विकायला काढला आणि तो अबितींच्या नशिबी आला. पण आपल्या यंत्राच्या लेखी ते डॉक्टर अजून इथेच होते. लॅबमध्ये कुणाच्या रक्ताचा धोक्याचा आकडा निघाला की यंत्र त्या नंबरवर मेसेज धाडायचं, आणि लॅबच्या पडद्यावर उमटायचं, ‘पोहोचला’. लॅबमधला माणूस सुटकेचा श्वास टाकून पुढची बाटली उचलायचा. त्याचं काय चुकलं? पोहोचलाच होता की. सरोवराच्या काठी, माशांच्या टोपलीपाशी पोहोचला होता.

मेसेज ज्या नंबरवरून यायचे, त्यावर अबितींनी उलट फोन लावून पाहिला. यंत्र फोन उचलत नाही. त्या जवळच्या दवाखान्यात गेल्या. तिथला कारकून हसला. म्हणाला, “मावशी, चुकीचा नंबर आहे. पुसून टाका आणि मासे विका.” शेजारणी म्हणाल्या, हे मेलेल्यांचे निरोप आहेत, ते कार्ड पाण्यात टाक. जावेने फोन मक्याच्या कणगीखाली पुरला. तो तिथूनही किंचाळला.

मी एकदा अबितींना विचारलं, तुम्ही ते कार्ड फेकून का दिलं नाहीत? नवं कार्ड कुठेही मिळतं. तर त्या म्हणाल्या, “गुरुजी, मी फेकलं असतं तर तो माणूस एकटाच पडला असता. निदान एका कुणाला तरी कळत होतं की तो अडचणीत आहे.” मेसेज आला की त्या मासे झाकायच्या, हात धुवायच्या आणि त्या खाटेसाठी दुवा मागायच्या. पुरुष वॉर्ड, खाट चार. बाल वॉर्ड, खाट अकरा. नाव ठाऊक नसताना देवाला कसं सांगायचं, ही त्यांची मोठी अडचण होती. शेखांना विचारलं, तर शेख म्हणाले, खाट सांग, त्याला कळतं.

पण खाट नऊ त्यांच्या मनातून जाईना. तो त्यांना वाचून दाखवलेला पहिला मेसेज होता. रात्री डोळा लागला की त्यांना एक खाट दिसायची, पाठमोरी झोपलेली बाई दिसायची, आणि त्यांना हाक मारायची असायची पण नाव आठवत नसायचं. शाळेच्या बाईंनी मेसेजखालची अक्षरं जुळवून रुग्णालयाचं नाव शोधून दिलं. तेव्हा अबिती टोपली डोक्यावर घेऊन निघाल्या आणि आपल्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या.

चौकीदाराला वाटलं, मासे विकायला आल्यात. त्याने वॉर्डात पाठवलं, सिस्टर चाम्बो घेतात म्हणून. सिस्टर मर्विस तेव्हा स्त्री वॉर्डाच्या प्रमुख होत्या. अबितींनी टोपली दाराबाहेर ठेवली, आत आल्या आणि विचारलं, “आमाई, खाट नऊवरची बाई बरी झाली का?”

सिस्टर म्हणाल्या, “कोण हवंय तुम्हाला? खाट नऊवर आज आजी आहेत, मांडीचं हाड मोडलेल्या.”

“नाही. पावसाळ्याआधी होती ती. तिच्या रक्तात काहीतरी वाढलं होतं. मला निरोप आला होता.” आणि त्यांनी फोन पुढे केला.

सिस्टरांनी तो मेसेज वाचला. खाली तारीख होती. त्या खुर्चीवर बसल्या. सिस्टर मर्विस कामाच्या वेळी खुर्चीवर बसलेल्या कुणी पाहिल्यात का? वॉर्डातल्या बायकांनी उठून त्यांना पाणी दिलं.

एनेलेसी गेली त्या दिवशी वॉर्डात सिस्टरच कामावर होत्या. वॉर्डातला तो पडदा त्यांच्याच टेबलावर होता. आता हेही ऐका, कारण तेही त्यांनीच मला सांगायला सांगितलंय. आपल्याकडे ते यंत्र नवं आलं तेव्हा ते प्रत्येक गोष्टीला ओरडायचं. वजन लिहिलं नाही, लाल. गाव लिहिलं नाही, लाल. गोळी दुपारऐवजी सकाळी दिली, लाल आणि वर शिट्टी. दिवसभर शिट्ट्या. ताप आलेल्या बायका कानावर उशा घ्यायच्या. राजधानीहून आलेल्या माणसांचा हेतू चांगला होता. त्यांना वाटलं, जितके इशारे जास्त तितका धोका कमी. आणि सिस्टरांनी एक दिवस जखमेवर लावायची चिकटपट्टी घेतली आणि यंत्राच्या आवाजाच्या जाळीवर घट्ट लावून टाकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या म्हणे.

म्हणून तो लाल दिवा मुका होता, जेव्हा मी त्याच्यावर थट्टा केली.

अध्यक्ष महोदय, यापुढचं आपल्याबद्दल आहे. आपण मला परवा परवानगी दिलीत, तिचा मी उपयोग करतो. सिस्टर फोन घेऊन आपल्याकडे आल्या. आपण त्यांना सांगितलंत, “आधी वरून लेखी परवानगी येऊ द्या. तोवर त्या घरी जाऊ नका. माणूस कोर्टात जाईल.”

सिस्टर म्हणाल्या, “जाऊ दे, सर. कुठे जायचं ते तरी त्याला कळू दे.”

आणि त्या माझ्या घरी आल्या. गणवेश घालून नाही, साधा चितेंजे नेसून, पायी. मी शाळेतून नुकताच आलो होतो. मला वाटलं, समाचाराला आल्यात, उशिरा का होईना. मी चटई टाकली. त्या चटईवर न बसता जमिनीवर बसल्या आणि सांगायला लागल्या. मेसेज कुठे गेला ते सांगितलं. इंजेक्शन कुठे होतं ते सांगितलं. मी ऐकत होतो आणि मला नुसते त्यांचे ओठ हलताना दिसत होते. शेवटी त्या म्हणाल्या, “आवाज बंद करणारी ती पट्टी मी लावली होती. दुसऱ्या कुणी नाही.”

मी विचारलं, “तुम्ही हे मला का सांगताय?”

“तुम्हाला खोटं सांगितलं गेलंय म्हणून.”

“मला कुणी खोटं सांगितलं नाही. हृदय बंद पडलं म्हणाले.”

“सर, ते बंद पडायच्या आधी पुष्कळ वेळ होता.”

मी त्यांना निघून जायला सांगितलं. वाईट शब्दांत सांगितलं. ज्या शब्दांसाठी मी मुलांना वर्गाबाहेर काढायचो, त्या शब्दांत. त्या उठल्या, दारात थांबल्या. म्हणाल्या, “मला तो आवाज आता ऐकू येतो, सर. पट्टी काढून टाकली, यंत्र बंद केलं, घरी गेले, भाजी चिरतेय, तरी येतो.” मी दार लावून घेतलं.

पुढे बरेच दिवस मी काय केलं ते सांगण्यासारखं नाही. वकिलाकडे गेलो, अर्ज लिहायला बसलो. वर्गात फळ्यावर काही लिहायला घेतलं की हात थांबायचा. पुष्कळ वेळ होता, हे तीन शब्द डोक्यातून जात नसत. ती जेवत असताना वेळ होता. ती मला घरी हाकलत असताना वेळ होता. मी मिनिबसच्या खिडकीतून मक्याची शेतं बघत होतो, तेव्हासुद्धा थोडा होता. कुणी मेलं की आपण म्हणतो, वेळ आली होती. माझ्याकडून ते वाक्यच काढून घेतलं गेलं होतं. मग रडायचं तरी कसं?

डॉक्टर कचिंग्वे नंतर स्वतः घरी आले. तेही जमिनीवरच बसले. मी त्यांना चहा दिला नाही. त्यांनी मागितलाही नाही. ते फक्त म्हणाले, “मास्तर, वकिलाला जे कागद लागतील ते मागा. मी देईन.” आत्ता ते इथे अध्यक्षांच्या खुर्चीत बसून हे सगळं ऐकतायत आणि त्यांनी मान खाली घातलेली नाही. मला त्यांचं कौतुक वाटतं.

एक दिवस मी ठरवलं, त्या मासेवालीला भेटायचं. का, ते माहीत नाही. जिच्या हातात माझ्या बायकोचा जीव काही वेळ होता, तिचा हात बघावासा वाटला असेल. सरोवराच्या काठी विचारत विचारत गेलो. त्या जाळ्यातून उसिपा झाडत होत्या. मी सांगितलं, मी खाट नऊचा नवरा.

त्यांच्या हातातलं जाळं खाली पडलं. त्यांनी हात धुतले, चितेंजेला पुसले, समोर आल्या आणि विचारलं, “तिचं नाव काय होतं?”

मी म्हटलं, “एनेलेसी.”

त्यांनी ते दोनदा उच्चारलं. मग तिथेच वाळूत बसून त्या रडल्या, घरचं माणूस गेल्यासारख्या. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मीही रडलो. आजूबाजूच्या कोळणींना वाटलं असेल, हा कोण म्हातारा, आणि यांचं कोण गेलं. मासे तसेच उन्हात पडले होते. पक्षी आले तरी कुणी हाकलले नाहीत.

जाताना त्यांनी मला सुकी उसिपा बांधून दिली. मी घरी आलो आणि अर्ज फाडला. माफ केलं म्हणून नाही. माफीचं मला अजून नक्की कळलेलं नाही, आणि रेव्हरंड, तुम्ही मला नंतर समजवा, आत्ता नको. मी फाडला, कारण कोर्टात पुन्हा ‘खाट नऊ’च लिहिलं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरांकडे आलो. विचारलं, आता काय करणार? त्या म्हणाल्या, “हे ओरडणं कमी करायचंय. खरोखर कुणी मरत असेल तरच ते ओरडेल, आणि मग कुणीतरी तोंडाने उत्तर देईपर्यंत गप्प बसणार नाही.”

ऐकायला सोपं वाटतं ना? राजधानीहून इंजिनिअर आले, श्रीयुत म्हांगो. चांगला माणूस, पण घाबरलेला. ते म्हणाले, “सिस्टर, मी एक इशारा काढला आणि त्यामुळेच कुणी दगावलं, तर जबाबदार कोण?”

सिस्टर म्हणाल्या, “आत्ता जबाबदार कोण आहे, सांगा.”

मग सिस्टरांनी त्यांना स्त्री वॉर्डात दिवसभर एका स्टुलावर बसवलं, पट्टी काढलेल्या यंत्राशेजारी. म्हणाल्या, प्रत्येक शिट्टीला उठा आणि बघा कोण मरतंय. दुपारपर्यंत म्हांगो साहेबांनी स्वतःच आवाज कमी केला. संध्याकाळी दोघं एकत्र बसले. वजन, गाव, गोळीची वेळ, सगळं लाल पुसून साध्या काळ्या अक्षरांत गेलं. लाल राहिलं ते थोडंच, ज्यात हृदय थांबतं, श्वास थांबतो, रक्त वाहतं, तेवढंच.

आणि नियम झाला. लॅबमध्ये धोक्याचा आकडा निघाला की मेसेज जाईलच, पण त्यावर थांबायचं नाही. लॅबचा माणूस फोन करेल. उचलणाऱ्याने रुग्णाचं नाव आणि आकडा परत म्हणून दाखवायचा. हो, नाव. नुसती खाट चालणार नाही. उचलला नाही तर पुढच्याला, तोही नाही तर मेट्रनना, आणि मग थेट अधीक्षकांच्या घरी, जेवत असले तरी. डॉक्टर साहेब, आपला घास किती वेळा हातात राहिला असेल, ते मॅडमना विचारायला हवं.

तरी सिस्टरांचं समाधान होईना. माणसं बदलतात, नंबर बदलतात. म्हणून दर सोमवारी सकाळी त्या टेबलाशी बसतात आणि यादीतल्या प्रत्येक नंबरवर स्वतः फोन लावतात. “हॅलो, कोण बोलतंय? अजून इथेच आहात ना?” नवे डॉक्टर सुरुवातीला हसतात. एकाने विचारलं, सिस्टर, तुम्ही माझी हजेरी घेताय का? त्या म्हणाल्या, “नाही. तुम्ही मासे विकत नाही ना, एवढं बघतेय.”

याने कोण वाचलं, हे तुम्ही विचाराल. जिल्ह्याचे साहेब नेहमी विचारतात. एक प्रसंग सांगतो, नाव सांगत नाही. गेल्या थंडीत एक तरुण बाई आली, दोन लेकरांची आई. पाय सुजलेले. तिचं रक्त गेलं, आकडा आला, लॅबने फोन केला, पहिल्याने उचलला नाही, दुसरीने उचलला, नाव परत म्हटलं आणि धावली. इंजेक्शन दिलं. मी त्या दिवशी समितीच्या कामाने इथेच होतो. वॉर्डाच्या दारातून पाहिलं. बाई चिडली होती. म्हणत होती, “दंड सुजवून ठेवला माझा. आणि या इथल्या मक्याच्या नसिमात खडे असतात.” आठवड्याने ती तशीच कुरकुर करत घरी गेली. तिला माहीत नाही. तिच्या नवऱ्याला माहीत नाही. तो कधी या हॉलमध्ये उभा राहून भाषण करणार नाही, आणि ते किती चांगलं आहे.

सिस्टर मात्र त्या दिवशी बाहेर येऊन माझ्या शेजारी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आता तरी तो आवाज थांबला का? त्या म्हणाल्या, “नाही, सर. पण आता मी उठून जाऊ शकते.”

सिस्टर, तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलायचं राहूनच गेलं. तुम्ही किती बाळंतपणं केलीत, किती मुलींना शिकवलंत, ते पुढचे वक्ते सांगतील. मी एवढंच सांगतो. माझ्यावर ज्यांनी सर्वांत मोठा घाव घातला त्यात तुम्ही होतात, आणि मला त्याबद्दल खरं सांगणाऱ्या तुम्ही एकट्या. तुम्हाला हार घालताना माझे हात कसे असतील ते मला माहीत नाही. पण तो मी घालणार आहे, दुसऱ्या कुणाला देऊ नका.

अध्यक्ष महोदय, समितीने मला बोलू दिलं, आपण स्वतःबद्दलही बोलू दिलंत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. अबिती, तुम्ही आलात, तुमचे उपकार मी शब्दांत मांडायचा प्रयत्नही करत नाही. आणि श्रोतेहो, तुम्ही कोंबडीचा वास सोसून इतका वेळ ऐकलंत.

जाता जाता एक चौकशी. आज शुक्रवार आहे. सिस्टरांची जागा अजून भरलेली नाही, असं मी कार्यालयात ऐकलं. अर्ज वर गेलाय, उत्तर यायला काही महिने लागतील म्हणे. त्या काही महिन्यांत दोन डॉक्टर बदलून जाणार आहेत, हेही मी तिथेच ऐकलं. तर मग येत्या सोमवारी सकाळी ते फोन कोण करणार?

उत्तर मला आत्ता नको. जेवणाआधी मिळालं तर बरं.

माझ्या बोलण्यात काही वावगं गेलं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मास्तरची जीभ म्हणून पोटात घाला. शेवटचा प्रश्न तेवढा त्यात धरू नका. तो मी घरून ठरवून आणला होता.